दहाचं कॉलेट

आमच्या सिंदी मेघेच्या वर्कशॉपात भोक चुकलं की गोल कानस घेतात. भोक लांबोळकं करायचं, जाड वॉशर टाकायचा, बोल्ट आवळायचा. बाबांनी जन्मभर असंच निभावलं आणि गिऱ्हाइकांत त्यांचं नावही चांगलं आहे. मला मात्र त्या कानशीचा भयंकर राग येतो.

आयटीआय करून आल्यावर मी हट्टानं एक जुनी, छोटी मिलिंग मशीन घ्यायला लावली. पहिल्याच कामात चारही भोकं सरकली. "मशीनच खोटी हाये, काढून टाकू," असं म्हणून बाबांनी हिंगणघाटच्या एका माणसाला ती विकत घ्यायला येत्या रविवारी बोलावूनही घेतलं. मला विचारलंसुद्धा नाही.

मशीन खोटी नव्हती, चूक आमची होती. तिचं डोकं एका गोल खांबावर बसतं. छोट्या ड्रिलनं खूण केली की लांब ड्रिलसाठी आम्ही चक, म्हणजे कुठलंही ड्रिल पकडणारा जबडा, लावायचो. चक स्वतःच वीतभर जागा खातो. मग डोकं वर घ्यावं लागतं आणि वर घेताना ते खांबाभोवती केसभर फिरतं. कॉलेट म्हणजे चिरा पाडलेली नळी. ती ड्रिलला धरून मशीनच्या तोंडातच शिरते, डोकं हलवावं लागत नाही. फक्त दहा मिलिमीटरच्या ड्रिलला दहाचंच कॉलेट लागतं आणि ड्रिल बदलताना दरवेळी वरचा बोल्ट सोडावा लागतो.

शनिवारी सेलूचे एक भाजीवाले शेतकरी काका पंपाची तुटकी प्लेट घेऊन आले. तशीच नवी हवी होती, चार भोकांची.

"भोकाले चक असते, बाई. कॉलेट कटरसाठी असते," बाबा म्हणाले.

"ड्रिलनं काय पाप केलं?"

"उलटं बोलू नको. चक लाव."

"नाई लावत."

काका वैतागले. "भेंडी सुकून राह्यली माही. तुमी मंग भांडजा!"

चार खुणा, चार भोकं. आठदा ड्रिल बदललं. बाबा स्टुलावर बसून बोलतच होते. "चकानं दोन प्लेटा झाल्या असत्या आतापर्यंत."

"अन् दोन्हीले कानस लागली असती."

तीन सूत, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचे बोल्ट चारही भोकांत बोटानं उतरले. बाबांनी ते काढले, प्लेट पाव फेरा फिरवून जुनीवर ठेवली आणि पुन्हा टाकले. पुन्हा उतरले. मला भयंकर आनंद झाला.

रविवारी हिंगणघाटचा माणूस आला. मी मशीनच्या पुढ्यात उभी राहिले. "मशीन विकाची नाई."

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "बोला मालक, काय करता?"

बाबा फडक्याला हात पुसत होते.

"तिनं सांगतलं नं. आता माह्याकडं काय पाह्यता?"