सरांच्या शंकरपाळ्यातला जाळ

माने सरांनी मला होकार दिला नाही.
आणि आज सकाळी ते गेले.

धाराशिवजवळच्या आमच्या वाशीत ज्यांनी सरांकडं कॉम्प्युटर शिकला त्यांना सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो.

सर काहीही शिकवायचं म्हटलं की स्क्रीनवर फ्लोचार्ट काढायचे. चौकोनात काम, शंकरपाळ्यात प्रश्न, आणि त्यातून दोन बाण. एक हो, एक नाही. डिसिजन बॉक्स हा शब्द मला कॉलेजात गेल्यावर कळला. तोवर ते शंकरपाळंच होतं.

बोअरची मोटर चालू होईना? माऊस आमच्या हातात द्यायचे. लाईट आहे का? फ्यूज गेलाय का?
बाण चुकला तर सर खोडायचे नाहीत.
"आता त्या बाणावरून चालत जा बरं."
चालत गेलं की मोटर बंदच, आणि आपण परत पहिल्या चौकोनात. वर्ग हसायचा.

मागच्या वर्षी सरांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. लिहायला घेतलं की अक्षरं एकात एक गुंतायची.
चित्र मात्र शाबूत राहिलं.
टॅब आणला, पेन डाव्या हातात. ॲप त्यांची वाकडी रेघ आपोआप सरळ करायचं, त्याचा त्यांना वैताग. ते सेटिंग बंद करायला लावलं. रेघ वाकडी असू दे, पण माझी.

टॅब आणला पल्लवीनं. सरांची मुलगी.
माझं तिच्यावर प्रेम आहे. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना आता झालं.

मी तेव्हा धाराशिवहून डिप्लोमा अर्धा सोडून आलो होतो. तिथल्या एका सरनं माझी ड्रॉइंगची शीट वर्गासमोर फाडली, मी त्याची कॉलर धरली. विषय संपला.

सोलापूरचे पाहुणे पल्लवीला बघायला येणार हे कळलं, तसा मी आदल्या दिवशीच सरांच्या दारात.
काकू, पल्लवीची आई, म्हणाल्या, "ये. पण आवाज चढवायचा न्हाय."

मी सरळ बोललो. "सर, मला पल्लवीशी लग्न करायचंय."

सरांनी टॅब मांडीवर घेतला. वर एक चौकोन. त्यात काडीचा माणूस, केस उभे. म्हणजे मी.
खाली शंकरपाळं.
आत जाळ.

पल्लवी मागं उभी राहून वाचून दाखवायला लागली, रोज सगळ्यांना दाखवायची तसं. पण आज विषय तिच्याच लग्नाचा.

"पप्पा विचारायलेत, तुला राग येतो का?"
"न्हाय."
सर पेन टेकवून थांबले.
"म्हणजे, कारण असल्यावर येतो."

'हो'चा बाण निघाला, कडेनं वर चढला आणि काडीच्या माणसाच्या डोक्यावर येऊन टेकला.
"परत पहिल्या चौकोनात," पल्लवी म्हणाली. ती हसत होती की रडत, मला कळेना.

"अन् उद्या येणाऱ्याला पण हेच विचारणार का?" मी म्हणालो.
सरांनी तोच बाण परत गिरवला. जाड.

मग मी सरांच्या हातातून पेन घेतलं. शंकरपाळं टाळून सरळ खाली बाण ओढला, आणि खाली काडीची दोन माणसं काढली.
सरांनी बोटानं अनडू केलं.
मी परत काढलं. त्यांनी परत अनडू केलं.
नुसती काचेवर टकटक.
माझा हात परत वर गेला.
"हात खाली घे, विकास," पल्लवी म्हणाली.

मी टॅबसाठीच उचलला होता. पण सरांनी डोळे मिटून घेतले होते.

मी खाली बसलो. पेन परत दिलं.
मग सरांनी शंकरपाळ्यातून 'नाही'चा बाण काढला. पुढं चौकोन. त्यात ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर.
"कॉलेज," पल्लवी म्हणाली.
"आणि त्याच्या पुढं?"
"पुढं काढलं न्हाय."
"विचार की त्यांना."
"तूच विचार. ऐकू येतंय त्यांना."

विचारलं. सरांनी टॅब बंद केला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. सरांनी त्या पोरासाठीही शंकरपाळं काढायला घेतलं, तर पल्लवीचे चुलते म्हणाले, "मनावर घेऊ नका, ते आता असंच रेघोट्या मारत बसतेत." पोरानं सरांसमोरच विचारलं, "ह्यांना कळतं का काही?"
पल्लवी उठून आत गेली. स्थळ तिथंच मोडलं.

मला वाटलं, जिंकलो. संध्याकाळी पळत गेलो.
सरांनी माझ्यासाठी तेच काढलं. तोच जाळ, तोच बोर्ड. पुढं कोरं.
त्यानंतर जेव्हा गेलो तेव्हा तेच.

आज अंगणात तिरडी बांधत होते. चुलते सगळ्यांसमोर म्हणाले, "तू कशाला आलायस रे? कॉलेजातनं हाकललेला. कोण लागतोस तू ह्यांचा?"
हाकललेला नाही, मी सोडलंय. तोंडापर्यंत आलं होतं. मूठ पण वळली होती.
पल्लवी दारात. बघत होती.

"विद्यार्थी," मी म्हणालो.
"विद्यार्थी हायस तर जा, सरणाची लाकडं उतरव," चुलते म्हणाले.
उतरवली.

सोमवारी धाराशिवला जातोय. ज्याची कॉलर धरली त्याच्यासमोर उभा राहून म्हणणार, मला परत बसू द्या. घेतील का माहीत नाही.
पल्लवीनं शब्द दिलेला नाही. मी मागितलेला नाही.

सर, तुमचा होकार न घेताच निघालोय.
तुमच्या विद्यार्थ्याचा शेवटचा नमस्कार.