सात दुकानांची एकच भाकरी

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने भवानी पेठेतले चार यंत्रमाग विकले. ते पैसे बँकेत पडून पंधरा दिवस झाले नव्हते, तोच बहीण घरी येऊन म्हणाली, "दादा, कडक भाकरीचं दुकान टाकायचं ठरलंय. स्टेशनच्या रस्त्याला गाळा बघितलाय. तू फक्त एकदा नजर घाल."

ठरलंय म्हटल्यावर नजर कशाला घालायची, हे मला कधीच कळलेलं नाही. आमच्याकडे सगळे असंच करतात. आधी ठरवतात, मग विचारतात, आणि मी तोंड उघडलं की म्हणतात, ह्याला सगळ्यात खोटच दिसते.

"भाकरीच का?" मी विचारलं.

"सगळ्यांचं लई चाललंय की."

सगळ्यांचं चाललंय, म्हणून आपण. मागांचंही असंच झालं होतं. गल्लीत एकाने टॉवेल काढला की गल्लीभर टॉवेल. मग सूत महागणार, व्यापारी भाव पाडणार आणि माग शेवटी भंगाराच्या भावात जाणार. तिच्या नवऱ्याने हे वीस वर्षं अंगावर काढलं होतं. त्या चार मागांखेरीज त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि मुलगी कॉलेजात. हे पैसे गेले तर पुन्हा येणारे नव्हते. बहिणीलाही ते ठाऊक होतं. म्हणूनच ती गरजेपेक्षा मोठ्याने हसत होती.

मी तीन रविवार मागून घेतले.

स्टेशनपासून बसस्टँडपर्यंत पायी जाऊन दुकानं मोजली. दहा. सगळीकडे कडक भाकरी आणि शेंगा चटणी. पाट्यांवर कुठे 'अस्सल', कुठे 'घरगुती', कुठे 'गावरान', आणि एकावर तिन्ही. चहाच्या टपरीवर उभा राहून मी गिऱ्हाईक बघत बसलो. गिऱ्हाईक म्हणजे गाडीची वाट बघणारा माणूस. तो दोन दुकानांत भाव विचारतो, तिसऱ्यात घेतो आणि पुन्हा कधी येत नाही. आलाच, तर मागे कुठल्या दुकानातून घेतलं होतं हे त्याला आठवत नाही. त्याला धरून ठेवायला दुकानदारांकडे चटणीच्या एका जादा, फुकटच्या चमच्याशिवाय काही नव्हतं, आणि तो चमचा दहाही जण देत होते.

तिसऱ्या रविवारी अकरावं दुकान उघडलं. मागच्या आठवड्यापर्यंत तिथे मोबाइलची कव्हरं विकत होते. एक टेबल, एक पाटी आणि पैसे घ्यायला स्कॅनर, एवढ्यावर काम झालं होतं. जिथे शिरायला एवढंच लागतं, तिथे बहीण शिरली की तिच्या मागोमाग तिचा शेजारीही शिरणार, हे सांगायला खरं तर तीन रविवारही लागत नाहीत. पण पुरावा असावा म्हणून मी प्रत्येक दुकानातून एकेक पुडी घेतली, तिच्यावर पेनने दुकानाचं नाव आणि भाव लिहिला आणि घरी जेवणाच्या टेबलावर अकरा पुड्या मांडल्या.

"आता आठवडाभर हेच खायचं का?" बायकोने विचारलं.

संध्याकाळी बहीण आली. मी एकेका दुकानाचं सांगायला लागलो, तर तिचं लक्षच नाही. ती पुड्या फोडून भाकऱ्या उजेडात धरत होती.

"ह्या सात एकाच हाताच्या हायत," ती म्हणाली.

"कशावरून?"

"कडेला बघ की. थापताना फिरवायला बोट टेकतं ते दर वेळी असंच, जरा तिरकं. आईची भाकरी आणि मावशीची भाकरी, तुला फरक कळायचा नाही?"

"नाही. मी खायचो."

बायको आत जाऊन हसायला लागली.

सात पुड्या, चार वेगळे भाव आणि हात एक. तीन रविवार उन्हात उभं राहून ज्यांना मी एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून मोजत होतो, ते सात जण एकाच चुलीचे गिऱ्हाईक निघाले. घरातल्या कुठल्याही बाईने हे पाच मिनिटांत सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं. त्याचा राग कुणावर काढावा हे न कळून मी बहिणीवर काढला, कारण ती टाळी वाजवत होती.

"म्हणजे दादा, साताच्या जागी एकच! स्पर्धा कमीच झाली की!"

"कमी नाही झाली, बाई. डोक्यावर येऊन बसली. ती बाई उद्या नाही म्हणाली तर तू पुडीत काय भरणार?"

दुकानदारांनी त्या बाईचा पत्ता दिला नसताच. बहिणीने पिठाच्या गिरणीत विचारून तो दहा मिनिटांत मिळवला.

साठीच्या पुढची बाई. सगळे तिला अक्का म्हणत. सुनांशी कानडीत बोलायची, आमच्याशी मराठीत. घरात तीन शेगड्या, आणि आचेला टेकून उभ्या केलेल्या भाकऱ्या कडक होत होत्या. बाहेर पायरीवर ज्वारीचं पोतं घेऊन एक माणूस बसला होता. मी ओळखलं. पहिल्या रविवारी भाव विचारून न घेता निघालो, म्हणून भर रस्त्यात माझ्यावर खेकसलेला दुकानदार. इथे तो मांडी घालून गप्प बसला होता.

"अक्का, मला रोज शंभर मिळतील का?" बहिणीने विचारलं.

"न्हाय बाई. तुला द्याच्या तर दुसऱ्याच्या कमी कराया लागत्यात." मग पायरीकडे मान करून म्हणाली, "ह्येनी परवा म्हनले, भाव जरा उतरवा. आज सकाळधरनं बसल्यात."

"गंमत केली व्हती की, अक्का," तो माणूस म्हणाला.

"मंग आमी बी गंमतच करतोय."

बहिणीने मशीनच्या भाकरीचं विचारून बघितलं. "घे की," अक्का म्हणाली, "लोक एकदा घेतील." मग तिने परात पुढे सरकवली. "तुला येतीय का थापाया? बस."

बहीण बसली. माझ्या डोळ्यांना तिची भाकरी उत्तम दिसत होती. अक्काने ती शेकून मोडली आणि मधला तुकडा दाबून बघितला. "मधी जाड हाय. घरात चालंल, पुडीत न्हाय. दुसऱ्या दिशी वातड हुईल. रोज आलीस तर पावसाळ्यापतोर हात बसंल."

परतताना मी रिक्षात सांगत होतो की अख्ख्या धंद्यात अडवणारी भिंत आहे ती एवढीच, हात बसायला लागणाऱ्या ह्या सहा महिन्यांची, आणि म्हणून शिरायचं असेल तर तिथूनच. दुकानातून नाही.

"म्हणजे गाळा नको म्हणतोस."

"पहिल्या दिवशी हेच म्हणणार होतो."

"पहिल्या दिवशी तू तीन रविवार मागितलेस."



गाळा घेतला नाही. तिचा नवरा महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. बहीण मात्र रोज सकाळी अक्काकडे जायला लागली, आणि तिच्या नापास भाकऱ्या आमच्या घरी यायला लागल्या. दह्यात, आमटीत, चुरून, कशाही. तीन महिने. तक्रार केली तर बायको म्हणायची, "तुम्हीच पाठवलंय ना तिला?"

गेल्या आठवड्यात अक्काने तिच्या वीस भाकऱ्या पहिल्यांदा पास केल्या. एका नव्या दुकानदाराला अक्काकडून काही मिळत नव्हतं, त्याला तिने बहिणीकडे बोट दाखवलं. त्याने एक मोडून खाल्ली आणि म्हणाला, "जरा जाड वाटतीय."

"मग दुसरीकडं बघा," बहीण म्हणाली.

तो तिथेच उभा राहिला. मग वीसच्या वीस घेऊन गेला आणि उद्या चाळीस मिळतील का म्हणून विचारून गेला. तिने पंचवीस सांगितल्या. मागांचे पैसे अजून बँकेतच आहेत. तिचा नवरा दर रविवारी येऊन विचारतो, त्यांचं आता काय करायचं. मी सांगतो, काही करू नका. ते त्याला पटत नाही.