वीस राणीछाप रुपये

ऑनलाइन नाणी विकणाऱ्यांच्या जगात ‘अनसर्च्ड’ असा एक शब्द आहे. म्हणजे कागदात गुंडाळलेला नाण्यांचा हा रोल कुणी उघडून चाळलेला नाही, आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नाही, पुढे तुमचं नशीब. ऐकायला शब्द भाबडा वाटतो. मला विचाराल तर त्याच्याइतका लबाड शब्द दुसरा नाही. नाणी विकून जो पोट भरतो, त्यानं हातात आलेला रोल न उघडता तुमच्या-माझ्यासाठी जपून ठेवला, हे शेंबड्या पोरानंही मानू नये. मी मानलं, आणि तेही सगळी हयात तपासणीत घालवून.

वसई पूर्वेच्या एका कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला होतो. बाहेरून येणारे वॉशर, बुशिंग, नट-बोल्ट मोजून पास किंवा नापास करायचे, हे माझं काम. माल पुरवणारे खोक्यात वरच्या थराला चांगले नग लावतात, म्हणून मी खोकं उलटं करून मधला माल उचलायचो. नव्यानं लागलेल्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. पुरवठादार माझ्या नावानं बोटं मोडायचे आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

रुपयाची गोष्ट सासूबाईंची. माझी बायको खाडीकाठच्या गावातली, भातशेती आणि भाजीची वाडी असलेल्या घरातली. त्यांच्या घरात एक राणीछाप रुपया होता. चांदीचा, एक तोळ्याचा, एका बाजूला राणीचं तोंड. घरातल्या मुलीच्या हळदीच्या दिवशी तो हळकुंडाबरोबर तिच्या पदराच्या टोकाला गाठीत बांधायचा. ती गाठ घेऊन ती सासरी जाते आणि पाचपरतावणाला माहेरी आली की आजी किंवा आई ती गाठ सोडते आणि रुपया परत देव्हाऱ्यात ठेवते. माझ्या बायकोच्या पदरालाही तो बांधला होता. लग्नात मला कुणीतरी कौतुकानं सांगितलं होतं, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, रुपया देतात आणि पाच दिवसांनी परत घेतात, हे बरं आहे.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं आणि मेहुण्याच्या मुलीचं लग्न तीन दिवसांच्या अंतरानं ठरलं. मुहूर्तच तसे निघाले. नाती दोन आणि रुपया एक. पहिलीचं पाचपरतावण व्हायच्या आत दुसरीची हळद. सासूबाईंना त्याचाच घोर लागून राहिला. हॉल, जेवण, दागिने यांपैकी कशाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, पण मी गेलो की विचारायच्या, “जावयबापू, रुपयाचा काय?”

बायको म्हणाली, वसईत ओळखीचा सोनार आहे, त्याच्याकडून एक खरा राणीछाप बिलासकट घेऊन या, विषय संपवा. सरळ सांगितलेलं मी सरळ ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. मला त्याच सालाचा, अगदी जोडीचा रुपया हवा होता. शिवाय, खरं सांगायचं तर, हाव सुटली होती. निवृत्तीनंतर मी मोबाइलवर जुन्या नाण्यांच्या दोन-तीन ग्रुपांत शिरलो होतो. तिथे एकानं व्हिडिओ टाकला. मातकट कागदात गुंडाळलेला रोल, दोन्ही टोकं उघडी, एका टोकाला राणीचं तोंड, दुसऱ्या टोकाला साल. साल तेच, सासूबाईंच्या रुपयाचं. मागून आवाज, “जुन्या घरातून निघालाय, अनसर्च्ड आहे, वीस रुपये आहेत, आत काय निघेल मलाही माहीत नाही.” भाव असा की सोनाराकडे तेवढ्यात असे पाचसहाच रुपये आले असते. मला वाटलं, विसांत एखादा दुर्मीळ निघाला तर मंडपाचा खर्च त्यातच सुटेल. बायको म्हणाली, “झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली की कळेल.” पैसे आधी भरायचे होते, बिल नव्हतं, नंबर एवढाच काय तो पत्ता. मी भरले.

रोल आला तो मी फुलपाड्याच्या आमच्या घरी उघडला नाही. सासूबाईंच्या समोर उघडावा, त्यांचा जीव भांड्यात पडावा, असा थाट. रविवारी गावी गेलो. ओटीवर बसून कागद फाडला, वीस रुपये परातीत ओतले. सासूबाई हरखल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, ऑपरेशन लग्नानंतर करायचं ठरलेलं. त्यांना चेहरे दिसायचे नाहीत, हालचाल तेवढी कळायची. म्हणाल्या, “बाहेरनं आलेली लक्ष्मी हाय, धुतल्याबिगर देवासमोर कशी ठेवायची?”

तेवढ्यात मला कॅटररचा फोन आला. मी बोलत बोलत वाडीत गेलो. परत आलो तर सासूबाई मोरीजवळ पाट घेऊन बसलेल्या, परातीत चिंच आणि राख, आणि सगळे रुपये कोपरापर्यंत हात घालून खसाखसा घासणं चाललेलं. जुनं नाणं कधी घासायचं नसतं, त्याची किंमत निम्म्यावर येते, हे ग्रुपवर रोज कुणी ना कुणी सांगत असतं. मी चिडलो. आवाज चढला माझा. सासूबाईंवर मी तोवर कधी आवाज चढवला नव्हता. त्या कानकोंड्या झाल्या आणि म्हणाल्या, “माजा पन त्यातच टाकला हाय. एकटा मळका कशाला राहील म्हनून.”

परातीत एकवीस रुपये, सगळे सारखे पांढरेशुभ्र. त्यांनी बरबटलेले हात वर धरून विचारलं, “यातला माजा कोनता? तुमीच बगा. मना दिसत नाय.”

मी पाहिलं नाही. लिहायला नको वाटतं, पण खरं तेच. मी रागात होतो, कॅटररनं भाव वाढवला होता, आणि मला वाटलं माझी नजर तयार आहे. वरचा एक उचलला, पाण्यातून काढला, “हा तुमचा,” म्हटलं आणि देव्हाऱ्यात ठेवून दिला. बाकीचे वीस रुमालात बांधून घरी आणले.

दुसऱ्या दिवशी छोटा वजनकाटा घेऊन बसलो. पहिला रुपया हलका. दुसरा हलका. तिसरा फरशीवर टाकला तर पत्र्याच्या झाकणासारखा बद्द वाजला. विसांपैकी सतरा खोटे, तीन खरे. दोन खरे कुठले ते लगेच कळलं, रोलच्या दोन टोकांचे. खोक्याचा वरचा थर. तिसऱ्याचा मात्र मला उलगडा होईना. मग मी हसलो. बायकोला म्हटलं, “चोर पण गाढव निघाला, मधे एक खरा टाकून बसला.” एवढी वर्षं मोजमाप केलेला माणूस, हिशोबात न बसणारा एक नग समोर पडलेला, आणि मी हसून सोडून दिलं.

विकणाऱ्याला फोनवर झाडला. पोलिसांत जातो म्हटलं. तो इतका नरमला की मलाच दया आली. म्हणाला, काका, मलाही कुणीतरी फसवलंय, वीसच्या वीस परत पाठवा, एकही कमी नको, पैसे लगेच टाकतो. त्यानं सांगितलेल्या कुरिअर ऑफिसच्या पत्त्यावर मी मोजून वीस पाठवले. कुरिअर पोचल्याचा मेसेज आला आणि त्यानंतर त्याचा नंबर बंद. पैसे गेले, आणि पुरावाही मी माझ्याच हातानं, वर कुरिअरचे पैसे भरून, त्याच्या हाती पोचवला. पोलिसांत गेलो, तर तक्रार लिहून घेणाऱ्यानं विचारलं, बिल आहे? नाणी आहेत? मी दोन्हींना नाही म्हटलं. त्यानं पेन खाली ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हा तरी मला वाटत होतं की गेले ते पैसे. आता बायकोचं ऐकावं, म्हणून सासूबाईंचा रुपया नमुन्याला मागून घेतला आणि सोनाराकडे गेलो. त्यानं तो काचेवर टाकला. पुन्हा उचलून टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “काका, हा कुठून आणला?”

दुकानात गिऱ्हाईक होतं. मी स्टुलावर बसलो. तिसरा खरा रुपया कुणाचा होता ते मला तिथे, त्या स्टुलावर कळलं. सासूबाईंच्या सासूनं आपल्या लेकींच्या पदराला बांधलेला, माझ्या बायकोच्या पदराला बांधलेला रुपया मी वजन करून, खरा आहे हे पाहून, वर चोराला हसून, पार्सल करून पाठवला होता.

सोनाराकडून मी दोन रुपये घेतले, खरे, त्याच सालाचे, बिलासकट. एक देव्हाऱ्यात ठेवला, सासूबाईंचा म्हणून. दुसरा त्यांच्या हातात दिला, नवा म्हणून. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “बरा झाला बाबा, आता पोरी बरोबरीनं जातील.” मी बायकोलाही काही बोललो नाही. मनाशी म्हणत राहिलो की चांदी खरी आहे, साल तेच आहे, त्यांना दिसत तर नाही. हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात आलं तेव्हा मला स्वतःची किळस आली, तरी ते मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो.

दोन्ही लग्नं नीट पार पडली. हळदीला दोन्ही वेळा गाठ सासूबाईंनीच बांधली, आत खोलीत, दार लोटून, त्यांची पद्धतच तशी. पाचपरतावणाला गाठीही त्यांनीच सोडल्या. माझी मुलगी तिच्या सासरी परत गेली त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला ओटीवर बोलावलं. बायको आत भांडी आवरत होती.

त्यांनी कमरेच्या पिशवीतून दोन रुपये काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

“हे तुमचे. दोनी.”

मी म्हटलं, “आई, यातला एक तर…”

“माज्या राणीला नाक नव्हता,” त्या म्हणाल्या. “इतक्या जनींनी हातात धरून धरून झिजून गेलता. घासताना चिंच-राखंत नाय कळला, हळदीच्या दिवशी बोटाला नाक लागला, तवाच कळला मना.”

मला तो रुपया कित्येकदा हातात घेतल्याचं आठवतं. मी कायम साल बघायचो. नाक झिजलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

“मंग बांधला काय?” मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा त्यांच्यासारखी होते.

“हळकुंड बांधला. दोघींना नुसता हळकुंड. दुसऱ्याचा रुपया आपला म्हनून पोरीच्या पदराला कसा बांधू? आनि तुमी नवा म्हनून दिला तो एकीला बांधायचा नि एकीला नाय, ता पन बरा नाय.” मग म्हणाल्या, “कोनाला सांगला नाय मी. लग्नाचा घर होता.”

मग मी सगळं सांगितलं. परात, रुमाल, वजनकाटा, कुरिअर. शेवटी म्हणाल्या, “गेला तर गेला. चांदीच ती. तुमी त्याच दिवशी येऊन बोलला असता तर मी काय तुमाला खाल्ला असता?”

मी म्हटलं, “आज हिलाही सांगतो. घरी गेल्यावर लगेच.”

“नको,” त्या म्हणाल्या. “माज्या बायला मी सांगन. तुमी सांगाल, मंग खरा काय नि खोटा काय, ता तिला माज्याकडं येऊन परत विचारावा लागंल.”

आतून बायकोनं चहा घेणार का म्हणून विचारलं. सासूबाईंनी हो म्हटलं, दोघांसाठी.