रुईवरचे आणि उतरणीवरचे

देशातल्या पानभुंग्यांची यादी करण्याच्या कामात आम्ही काही प्राध्यापक होतो. पानं खाऊन जगणाऱ्या या भुंग्यांची कुठली जात कुठल्या झाडावर मिळते, हे सोलापूर भागात हिंडून पाहायचं आणि नोंदवायचं, एवढं माझ्याकडे होतं.

पावसाळा सरताना केम गावाजवळच्या माळावर गेले. रुईच्या झुडपांवर निळे-हिरवे, झळझळीत भुंगे बसले होते. शेजारच्या कुंपणावर उतरणीचा वेल चढला होता, त्यावरही तसेच. मी सगळे एकाच बाटलीत टाकत होते. तिथं मेंढरं चारणाऱ्या एक मावशी जवळ येऊन बघत उभ्या राहिल्या.

"बाई, एकात नगा घालू. दोनी येगळी हायत."

"एकच आहेत, मावशी. रंग बघा की."

"रंगाचं न्हाय वो. रुईवरल्याला हात लावला की त्यो पाय आखडून खाली पडतो. मेल्याचं सोंग घेतो. उतरणीवरला पडत न्हाय, उडतो. रोज बघतीया की मी."

मी हसले. वर्गात एखाद्या मुलीनं भलतंच उत्तर दिलं की हसते, तशी. बाटलीवर चिठ्ठी लावली : 'रुईवर'.

काही महिन्यांनी, ज्यांच्याकडे आम्ही नमुने पाठवायचो त्या तज्ज्ञ सरांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या बाटलीत दोन जाती निघाल्या. नरांची जननेंद्रियं उघडून पाहिली, शंकाच नाही. चिठ्ठीवर नुसतं 'रुईवर' आहे, पण दोन्ही एकाच झाडावरच्या नसणार. वेगळी नोंद आहे ना?"

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. मी म्हणाले, "आहे, सर. एक रुईवरची, एक उतरणीवरची. वागण्यातही फरक दिसला मला."

'मला' म्हणाले.

"याला म्हणतात नजर!" सर खूश झाले आणि दोन्ही जाती वेगळ्या करून नमुने परत पाठवले, चिठ्ठ्या लावून द्या म्हणाले. जुळे सोलापूर या वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, भर दुपारी, जेवणाच्या टेबलावर मी त्या लिहिल्या. एका जातीचे भुंगे किंचित मोठे होते; ते रुईवरचे, छोटे उतरणीवरचे. निव्वळ अंदाज. वर तारीख घातली त्या माळावरच्या दिवसाची.

स्टाफरूममध्ये अभिनंदन झालं. वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला कसं कळलं दोन जाती आहेत ते?" मी सांगायला लागले, "हात लावला की एक मेल्याचं सोंग घेतो..." आणि अडकले. तोंडातून मावशींचे शब्द जसेच्या तसे येत होते. घसा बसलाय, असं सांगून मी वर्गातून बाहेर पडले.

तरी सरांना फोन करायला मला आठ दिवस लागले. सगळं सांगून टाकलं.

"माहीत नसेल तर चिठ्ठी कोरी ठेवायची असते," ते म्हणाले. "हे तुम्हाला मी सांगायचं?"

सरांनी ती नोंद यादीतून काढली.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत परत केमला गेले. पहिल्या दोन खेपांना मावशी भेटल्याच नाहीत. तिसऱ्यांदा भेटल्या, तेव्हा काही न लपवता सांगितलं. मेंढरांकडे बघतच त्यांनी ऐकून घेतलं.

"मंग तवा का न्हाय ऐकलं?"

मला कारण ठाऊक होतं. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, आणि मी शाळेतून बाहेरच आले नव्हते. पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही. मी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. मावशींनीच भुंगे धरून दिले, रुईवरचे एकीत, उतरणीवरचे दुसरीत. नमुना कुणी गोळा केला, ते लिहायला पेन उघडलं आणि लक्षात आलं, यांचं नावच मी कधी विचारलेलं नाही.

त्यांनी नाव सांगितलं. मग म्हणाल्या, "सासरचं नगा लावू. बापाचं लावा. भुंगं त्यानंच दावलं हुतं मला."

तसंच लिहिलं. महिन्याभरानं सरांनी नमुने तपासून कळवलं : मोठी जात उतरणीवरची, छोटी रुईवरची. मी टेबलावर बसून लिहिलेल्या सगळ्या चिठ्ठ्या बरोब्बर उलट होत्या.