चालू मशीन

माझ्या थोरल्या नणंदबाई सोलापुरात भवानी पेठेत कडक भाकरीचा धंदा करतात. सोबतीला गल्लीतल्या पाच-सहा बायका. त्यांच्या गटाला सरकारी अनुदानातून भाकरी थापायचं मशीन मिळालं. अनुदानाचा पहिला हप्ता त्यातच गेला. दुसरा पाहणी झाल्यावर मिळणार होता आणि त्यातून शेडवर पत्रे पडणार होते. पत्रे नसले की पावसाळ्यात भाकरी वाळत नाही, म्हणजे सगळ्याजणी घरी बसून.

पण मशीनची भाकरी जाड यायची आणि वाळली की चिवट व्हायची. आठवडाभरात बायका पुन्हा हातानं थापायला लागल्या. मशीनवर चादर पडली. सोलापुरात चादरीला काय तोटा!

पाहणीच्या दिवशी मी जुळे सोलापुरातून स्कूटीच्या डिकीत माझ्या चांगल्या कपबश्या घेऊन गेले. पाहणीला आलेल्या साहेबांनी भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, खूश झाले आणि विचारलं, "मशीन चालू आहे ना?"

माझा जीव टांगणीला. वन्संना थाप मारता येते ती फक्त भाकरीला.

"न्हाय साहेब," वन्सं म्हणाल्या. "भाकरी नीट हुईना. आमी हातानंच थापतो."

साहेबांचा घास तोंडातच राहिला. "अहो बाई, बटण दाबलं की फिरतं ना?"

"फिरतं की."

"मग दाबा."

वन्संनी चादर काढून बटण दाबलं. मशीन घरघरायला लागलं. "हे काय, चालूच आहे," म्हणत साहेबांनी तसं लिहून घेतलं आणि दुसरी भाकरी मागितली.

घरी आले तरी माझा गोंधळ काही संपेना. वन्सं खोटं बोलल्या नव्हत्या. साहेबांनी लिहिलं तेही खोटं नव्हतं, मशीन डोळ्यांसमोर फिरत होतं. मग खोटं नेमकं कुठं होतं? कपबश्या विसळता विसळता मी तेच शोधत राहिले. पुढे पत्रे आले तेव्हा मला मनापासून आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून लाजही वाटली.

परवा मैंदर्गीहून काही बायका शेडमध्ये आल्या. मी तिथंच होते. त्यांच्या गटाला तेच मशीन मंजूर झालं होतं.

"तुमचं चालू हाय म्हनं," त्यांच्यातली वयानं मोठी बाई म्हणाली. "कसं चालवायचं, दावा की आमाला."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी नव्या पत्र्यांकडे बघत बसले.

"चालत न्हाय, बाई," वन्सं म्हणाल्या. "नुसतं फिरतंय."

त्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "आमी मशीनसाठी आमच्या वाट्याचं पैसं भरलं की वो," मोठी बाई म्हणाली. "आदी कुनाला तरी सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं हुतं की," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.