रीथाच्या नाकाला वास यायचा

बर्ल मिनीअर घर सोडून गेला तेव्हा गॅसच्या सगळ्या टाक्या घेऊन गेला. बर्नर, त्याला जोडलेली नळी आणि काचेच्या कांड्या तेवढ्या मागे ठेवल्या. "टाकी लागली की फोन कर," दारातून वळून तो म्हणाला, "ती निवडणं काही तुझ्याच्यानं व्हायचं नाही." रीथानं हातातला कप त्याच्या गाडीवर भिरकावला. नेम चुकला, याची चुटपुट तिला पुढं आठवडाभर लागून राहिली.

नदीकाठचा काचकारखाना बंद पडल्यावर वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या गावात ज्यांना हातातली विद्या टाकवेना, ते घरी बर्नर मांडून बसले. रीथाचा बाप कारखान्यात काच फुंकायचा. ती ज्योतीवर काचेची कांडी वितळवून पक्षी करायची. चिमट्यानं चोच ओढावी तर तिनंच. पण जत्रेत पुढच्या टेबलावर बसायचा बर्ल, पक्ष्यांवर नाव बर्लचं, आणि रीथा मागं, कापडाच्या आड, मणी वळत.

त्याला कारण होतं. लग्नानंतरच्या एका जत्रेत ती पुढं बसलेली असताना बर्नरच्या बुडाशी भक्कन जाळ झाला. बाही पेटली, कोपरापर्यंत कातडं सोलवटून निघालं. बर्ल जमलेल्या लोकांना हसत म्हणाला, "हिचं लक्ष कधी ठिकाणावर असेल तर शपथ!" तेव्हापासून ती मागं. तिलाही वाटायचं, चुकलं आपलंच.

घरी काम करताना तिला वास यायचा, सडक्या अंड्यांसारखा. "बर्ल, गॅस गळतोय," ती म्हणायची.

"जमिनीखाली स्कंक मेलंय कुठंतरी, ते घाण मारणारं जनावर. तुझं नाक म्हणजे ना!"

वर्षानुवर्षं स्कंक मरत राहिली. संध्याकाळी रीथाचं डोकं ठणकायचं, आणि गोळी घेऊन ती झोपायची.

आता ती एकटी होती. हार्डवेअरच्या दुकानात टाकी विचारली तर माणूस म्हणाला, "शेगडीला हवी का? मिस्टरांना पाठवा ना, मी समजावतो त्यांना." रीथानं उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तणतणत तिनं कॅम्पिंगच्या गॅसचे हिरवे, एक पौंडी डबे उचलले आणि घरी आली. ऑक्टोबरातल्या गारठ्यात तासाभरात डब्यावर पांढरं दव गोठलं, ज्योत मरगळली आणि अर्धा झालेला बगळा मानेत तडकला.

मग तिनं बर्नर-नळी गाडीत टाकली आणि ओकी श्रीव्हच्या पेंडीच्या दुकानात गेली. म्हातारा मागच्या अंगणात गॅस भरून द्यायचा. पेपरोनी भरलेला पाव खात बसला होता.

"ज्योत केवढी गं तुझी?" त्यानं विचारलं.

"बोटाएवढी. पण दिवसभर."

"घरीच, का जत्रेतही?"

"दोन्हीकडे. आणि उचलणारी मी एकटी. आता हसू नका."

"मी कशाला हसू? माझीच कंबर गेलीय." त्यानं टाक्या पुढं ओढल्या. "वीस पौंडी पुष्कळ चालते, पण भरली की पोटाशी कवटाळून न्यावी लागेल. पाचाची हलकी, पण थंडीत दिवसभर गॅस ओढलास तर तीही कॅम्पिंगच्या डब्यासारखी गारठणार. दहाची घे. गळ्यावरची तारीख वाच आधी. मुदत संपलेल्या टाक्यांना रंग फासून विकणारे हरामखोर आहेत इथं. आणि टाकी उभी ठेवायची, घराबाहेर. नळी भिंतीतून आत. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीवर साचून राहतो."

"बर्ल बाकाखाली ठेवायचा."

ओकीनं पाव खाली ठेवला. "नळी दाखव."

नळी बर्नरला जिथं जोडली होती तो जोड त्यानं सैल केला. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळलेली होती. "ही कोणी लावली?"

"त्यानंच. घट्ट बसतं म्हणायचा."

"अगं पोरी, ही पाण्याच्या नळाची टेप. इथं पितळेवर पितळ बसायला हवं. मधे टेप आली की फट राहिलीच." त्यानं जोड होता तसा परत आवळला, नळी टाकीला लावली, बर्नर बंद ठेवून गॅस सोडला आणि जोडावर साबणाचं पाणी मारलं. फेस बेडकाच्या गळ्यासारखा फुगत गेला.

रीथा बघत राहिली. बर्नरच्या बुडाशी. भक्कन जाळ झाला होता तो इथंच. स्कंक नव्हतं, नाक बिघडलेलं नव्हतं, लक्षही ठिकाणावर होतं. ओकीनं टेप खरवडून काढली, चरे पडलेला जोड बदलला, पुन्हा पाणी मारलं. एक बुडबुडा आला नाही. तो काही म्हणत होता, पण तिला ऐकू येत नव्हतं.

टाकी गाडीत उभी बांधून घेतली, पण ती घरी गेली नाही. सरळ बर्लच्या नव्या बिऱ्हाडी गेली. वाटेत ओकीची साबणाच्या पाण्याची बाटली मांडीवर होती.

आत डेना होती, बर्लची नवी मैत्रीण. तीही ज्योतीवर काम शिकत होती. टाकी तिच्या पायांशी, बाकाखाली.

"ज्योत विझव," रीथा म्हणाली.

"आली का जळजळ करायला!" बर्ल खुर्चीतून उठला. "डेना, लक्ष देऊ नकोस. हिच्या डोक्यावर परिणाम झालाय."

"तुझ्याशी नाही बोलत मी. डेना, विझव म्हणते ना!"

डेनानं विझवली. रीथानं जोडावर पाणी मारलं. फेस फुगला.

"साबण आहे तो, फेस येणारच," बर्ल म्हणाला.

डेना फेसाकडं बघत होती. "बर्ल, मला रोज वास येतो. तू म्हणालास उंदीर मेलाय."

"माझ्या वेळी स्कंक होतं," रीथा म्हणाली. "तुझ्या वाट्याला उंदीर. म्हणजे बाईगणिक जनावर लहान होत चाललंय."

डेनानं वाकून टाकीची चावी बंद केली, टाकी उचलली आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. बर्ल दारापर्यंत बडबडत गेला. रीथानं बाटली उचलली आणि गाडीत जाऊन बसली.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या जत्रेत तिनं आपलं टेबल मांडलं, पुढचं. टाकी तंबूच्या कापडाबाहेर उभी. समोरच्या रांगेत बर्लचं दुकान. डेना अजून त्याच्याबरोबरच होती. रीथाला तिचाही राग आला, भयंकर आला. अगं पोरी, डोळ्यांनी बघितलंस ना?

दुपारी बर्लचा आवाज आला. दोन गिऱ्हाइकांना तो सांगत होता, "जोडात टेप घालतात येडे लोक. मी शोधून काढलं म्हणून, नाहीतर घर उडालं असतं."

रीथानं ज्योत विझवली, टाकी बंद केली आणि रस्ता ओलांडला. बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात त्याच्या टेबलावर, पक्ष्यांच्या मधोमध आपटला.

"हे तू शोधून काढलंस? सांग यांना. हा हात कुणाच्या टेपनं भाजला, सांग."

"रीथा, लोक बघतायत."

"बघू देत! भाजला तेव्हाही लोकांसमोरच हसला होतास. आणि हे बगळे माझ्या हातचे आहेत, तुझ्या नाहीत. तुला चोच ओढता येते का? ओढ की. आत्ता, इथं. मी थांबते."

बर्लनं बर्नरला हात लावला नाही. गिऱ्हाइकांतली एक म्हातारी हातातला पक्षी हळूच खाली ठेवून निघून गेली. डेना मान खाली घालून कांड्या निवडत होती. तिचे कान लाल झाले होते.

रीथा परतली. राग उतरला नव्हता; उलट, इतकी वर्षं तो कुठं दडून होता याचाच तिला संताप येत होता. तिच्या टेबलावरचा पक्षी मधल्या वेळात गार पडून पंखात फुटला होता. तिनं तो बादलीत फेकला, बाहेर जाऊन टाकी उघडली आणि निळी कांडी हातात घेतली.