दुसरा कार्बन

सोलापूरला आमच्या घरी टॉवेलच्या कडा शिवायचं काम चालतं. पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन, भोवती टॉवेलांचे गठ्ठे आणि घरभर सुताचा बारीक कापूस. झाडूने तो जात नाही, नुसता इकडून तिकडे उडतो. त्याने सासऱ्यांना खोकल्याची उबळ यायची. त्यांना मी मामा म्हणते. पुण्याची माझी थोरली बहीण नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली तेव्हा तिने आपला व्हॅक्यूम क्लीनर मला दिला. फारसा वापरलेलाच नाही, असं म्हणाली होती. चार वर्षं तो आमच्याकडे चालला.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यातून ठिणग्या दिसल्या, जळका वास आला आणि तो बंद पडला. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने उघडूनही पाहिलं नाही. खालचा नंबर वाचला आणि सांगितलं, या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत, एक्स्चेंजमध्ये नवा घ्या. न उघडता काय बिघडलंय ते कसं कळलं, असं मी विचारलं तर तो हसला. ते हसणं मला पटलं नाही. मशीन उचलून मी घरी आले.

आमच्या भागात कारखान्यांच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार नव्याने भरून देणारे एक मिस्त्री आहेत. वय साठीच्या आसपास, घरी तेलुगू बोलतात. त्यांच्याकडे जाताना मी ठरवलं होतं, मशीन ठेवून यायचं नाही. ठेवलं की आतली चांगली वस्तू बदलतात, असं मी ऐकून होते. पण मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "अक्का, समोर बसा. तुम्ही असल्याशिवाय मी स्क्रू काढत न्हाय." मग मला वेगळीच शंका आली. हा माणूस एवढं दाखवून दाखवून का करतोय?

एकेक स्क्रू काढून त्यांनी ताटलीत ठेवला. मोटारीला दोन्ही बाजूंनी टेकलेले कोळशाचे दोन चौकोनी तुकडे असतात, त्यांना कार्बन म्हणतात. ते दोन्ही त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. एक झिजून नखाएवढा उरला होता, पण त्यावर कंपनीचा नंबर दिसत होता. दुसऱ्यावर नंबर नव्हता, कडा किंचित तिरप्या होत्या.

"हे आधी कुणी उघडलं होतं?"

कुणीच नाही, मी म्हणाले.

"हा हातानं घासलेला हाय, अक्का." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी लपवत होते. आधी कुणी काय केलंय ते कळल्याशिवाय पुढे हात लावणार नाही, उद्या नाव आपलंच येतं, असं म्हणून त्यांनी सगळे स्क्रू परत बसवले आणि मशीन माझ्या हातात दिलं.

रिक्षात बसल्या बसल्याच माझा संशय बहिणीवर गेला. घरी पोचताच तिला फोन लावला. तुझ्याकडे असताना दुरुस्त केलं होतं का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. नाही, ती म्हणाली. मग आत हाताने घासलेला तुकडा कसा आला, मी विचारलं. "मी तुला मोडकी वस्तू गळ्यात मारली, असं म्हणायचंय का?" एवढं बोलून तिने फोन ठेवला.

दोन दिवस मला तिने आजवर दिलेल्या वस्तूच आठवत होत्या. पहिल्याच धुण्यात रंग गेलेली साडी, शिट्टी न होणारा कुकर. मामा पेपर घेऊन बसायचे, पण पान उलटत नव्हते. मी नव्या मशीनचा खर्च काढेन म्हणून तेही माझ्यावर लक्ष ठेवून आहेत, असं मला वाटायला लागलं.

तिसऱ्या दिवशी मशीन माळ्यावर टाकायला मी स्टूल घेतलं, तेव्हा मामा म्हणाले, "तुझी बहीण खोटं बोलत न्हाय. ते म्या उघडलं हुतं."

मामांची सगळी नोकरी मागाच्या कारखान्यात फिटर म्हणून गेली. दोन वर्षांपूर्वी मी माहेरी मंगळवेढ्याला गेले होते, तेव्हा सांडलेलं पाणी त्यांनी या मशीनने ओढायचा प्रयत्न केला आणि ते बंद पडलं. आतून वाळवायला उघडलं तर एक कार्बन हातात तुटला. तसला बाजारात मिळेना. मग दुसऱ्या मोटारीचा मोठा कार्बन आणून तीन दिवस पॉलिश पेपरवर घासून त्यांनी तो बसवला, मी यायच्या आत.

"तेव्हाच का नाही सांगितलं?"

"हात लावू नका म्हणली हुतीस की."

माहेरी जाताना मी तसं म्हणाले होते खरं. मग आता तरी का बोलला नाहीत, असं विचारल्यावर त्यांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. "आता घासाय जमत न्हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन मी मिस्त्रींकडे गेले. तो कार्बन कुठल्या मोटारीचा होता, कसा घासला, हे त्यांनी मामांना बारकाईने विचारलं आणि मगच स्टूल पुढे ओढलं. मिस्त्री नवे कार्बन घासत होते आणि मामा नखाने कडा चाचपून अजून जरा, अजून जरा, म्हणत होते. दुपारपर्यंत दोन नवे कार्बन बसले. आवाज पहिल्यापेक्षा कर्कश येत होता. नवे कार्बन चालून चालून नीट जुळेपर्यंत यायचाच, असं दोघंही म्हणाले. निघताना मी स्क्रूंची ताटली रिकामी आहे का ते पाहिलं. मामांनी मला पाहताना पाहिलं आणि मला लाज वाटली.

बहिणीला फोन करून सगळं सांगितलं, माफी मागितली. मामांनी मशीनने पाणी ओढल्याचं ऐकून ती हसली. मग म्हणाली, "पण तुला खरंच तसं वाटलं होतं ना?"

हो, मी म्हणाले. खोटं बोलले असते तरी तिला कळलं असतं.

दिवाळीला ती सोलापूरला आली तेव्हा माझ्यासाठी नवा मिक्सर घेऊन आली. सगळ्यांसमोर खोकं माझ्यापुढे ठेवलं आणि सील मलाच फोडायला लावलं.